दार्नची सरकत्या ब्रीचची दुनळी: अकरा वर्षं हाताळून

आमच्या बंदुकीला कंबर नाही. उघडायची कळ सरकवली की मधोमध मोडते, नळ्या खाली झुकतात, हे बारा बोअरच्या दुनळीचं सगळ्यांच्या ओळखीचं रूप. दार्न या फ्रेंच बनावटीच्या बंदुकीच्या नळ्या जागच्या हलत नाहीत. दस्त्याच्या मानेवर एक पोलादी खिट्टी पडलेली असते, तिला दोन्ही अंगांनी खाचा पाडलेले कान. कान चिमटीत धरून खिट्टी वर उचलून मागे ओढली की नळ्यांच्या मागचा अख्खा ठोकळा, म्हणजे ब्रीच, आपल्याकडे सरकत येतो. काडतुसं घालायची, ठोकळा पुढे, खिट्टी खाली.

आबांनी ती 1962 मध्ये पुण्याच्या कॅम्पातल्या एका दुकानातून जुनी म्हणून घेतली. वापरली मुळशीकडच्या आमच्या गावात. 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि आबांनी शिकार कायमची सोडली, पण बंदूक दर आठवड्याला पुसायचं सोडलं नाही. त्यांच्या मागे 2014 मध्ये परवाना माझ्या नावावर झाला. तेव्हापासून वर्षातून चार-सहा वेळा रेंजवर हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर चालवतो. भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये माझी 31 वर्षं गेली, त्यामुळे मी हिच्याकडे आधी यंत्र म्हणून बघतो आणि मगच बंदूक म्हणून. यंत्र म्हणून ही फार वरच्या दर्जाची आहे.

धातू तासणाऱ्या शेपर मशीनची पुढे-मागे धावणारी रॅम ज्याने पाहिली आहे त्याला दार्न पाच मिनिटांत कळते. दोन्ही बाजूंच्या सरळ वाटांमध्ये ठोकळा पुढे-मागे धावतो. मी एकदा ठोकळ्याच्या तोंडाला ब्लू (दोन भाग कुठे टेकतात ते दाखवणारा निळा रंग) लावून खिट्टी बंद केली आणि उघडून पाहिलं. दोन्ही नळ्यांच्या मागच्या कडांवर ब्लूचं वर्तुळ पूर्ण उमटलं होतं, कुठे तुटलेलं नाही. साठ-सत्तर वर्षांच्या वापरानंतर! मोडणाऱ्या दुनळीत बराच भार बिजागरीच्या खिळीवर येतो, ती झिजली की नळ्या खुळखुळतात. इथे ती बिजागरीच नाही.

ही करामत सँ-एत्येनची. कोळसा, रेशमी फिती, सायकली आणि बंदुका यांवर जगलेलं फ्रान्समधलं गाव. रेजीस दार्न यांनी तिथे 1881 मध्ये कारखाना काढला आणि 1890 च्या दशकात सरकत्या ब्रीचचं पेटंट घेतलं. साधी ‘आर’ मालिका 1909 ची, तिच्या वरची ‘व्ही’. माझी ‘आर’, तीही खालच्या दर्जाची, नक्षी जवळजवळ नाही. त्याचं मला दुःख नाही, कारण आतलं काम तेच आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात याच घराण्याने विमानावरच्या मशीनगनही केल्या. नळीवर ‘एफ. दार्न, फिस एने’ असं कोरलेलं दिसलं तर ती रेजीसच्या कारखान्याची नव्हे, थोरला मुलगा फ्रांसिस्क याच्या वेगळ्या कारखान्याची. विकणारे दोन्ही एकच म्हणून सांगतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. शार्लँ यांचीही सरकत्या ब्रीचची बंदूक त्याच गावची, आणि तीही चांगली. दार्नचा जुना कारखाना 1979 च्या सुमारास बंद पडला. पुढे तिथेच काम केलेल्या पॉल ब्रुशे यांनी ही बनावट जिवंत ठेवली, आधी स्वतःच्या नावाने आणि नंतर पुन्हा दार्न या नावाने.

आबा हिला ‘पावसाळ्याची बंदूक’ म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं की हिला गंज चढत नसेल. खरं कारण काडतुसात होतं. तेव्हा काडतुसं कागदी नळकांड्यांची असायची. मुळशीच्या पावसात ती दमट होऊन फुगायची, नळीत अर्धी जाऊन अडायची, आणि बार उडाल्यावर आतच चिकटून बसायची. लोक चाकूने खरवडून रिकामी टोपणं काढत. दार्नच्या खिट्टीत तरफेचा जोर आहे. बंद करताना ती फुगलेलं काडतूस दाबून आत बसवते आणि उघडताना तेवढ्याच जोराने उपटून आणते. आबा काडतुसं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचे, पण अडलंच तर खिट्टीवर विसंबायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या मागच्या भागाची लांबी. माझ्या नळ्यांवर खालच्या बाजूला सँ-एत्येनच्या चाचणीघराचे छाप आहेत, मुकुटाखाली ‘पीटी’, म्हणजे बिनधुराच्या ‘टी’ दारूने तपासलेली, आणि शेजारी ‘12-65’. हा 65 म्हणजे चेंबर 65 मिलिमीटरचं. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं शक्तिमान काडतूस 70 चं. गंमत अशी की न उडालेलं 70 चं काडतूस यात बिनतक्रार बसतं, कारण त्याचं तोंड आत दुमडलेलं असतं. 70 हे माप उडाल्यानंतरचं, घडी उलगडल्यावरचं. उलगडायला पुढे जागा नसली की घडीचं टोक नळीच्या अरुंद भागात घुसतं आणि दाब वाढतो. ‘बसतंय की!’ म्हणून चालवणारे मी दोघे पाहिलेत. कृपा करून असं करू नका. मी घरच्या लेथवर पितळेचा गेज टर्न करून दोन्ही चेंबरं मोजली, मगच फक्त 65 ची काडतुसं घेतली.

याच बाबतीत एका दुरुस्तीवाल्याने मला फार मनस्ताप दिला. स्प्रिंग बघायला दिली होती. त्याने न विचारता चेंबरं रिमर (भोक कोरून मोठं करायचं हत्यार) मारून 70 ची करायचं ठरवलं होतं, आणि मी योगायोगाने त्या दिवशी गेलो म्हणून वाचली. रिमर बाहेर काढून ठेवलेला होता. जिथे दाब सगळ्यात जास्त तिथलीच भिंत पातळ करायची, तीही इतक्या हलक्या नळ्यांची! शिवाय खिट्टी घट्ट वाटते म्हणून तिच्या कानाच्या मुळाशी कानस फिरवलेली होती. तो ओरखडा अजून आहे. ब्रीच अनोळखी दिसली की आपल्याकडे आधी कानस हातात घेतात, याचा मला राग येतो.

उणिवा आहेत. वजन 2 किलो 800 ग्रॅम, दिवसभर खांद्यावर जाणवत नाही, पण जड काडतुसाला धक्का सरळ गालफडात बसतो. उघडायला उजवा हात दस्त्यावरून काढावाच लागतो, त्यामुळे मोडणारी दुनळी वापरणाऱ्याची लय पहिले पन्नास बार तरी बिघडते. सुटे भाग पुण्यात मिळत नाहीत. फुटलेली एक पिन मी स्वतः करून, कठीण करून, ग्राइंड करून बसवली. ज्याच्या ओळखीत चांगला फिटर नाही त्याने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि 2019 पासून परवान्यावर दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा जागा विचार करूनच अडवावी. मी माझी एक जागा हिलाच दिली आहे. नळ्यांमधली पट्टी वाटेतच संपते, फ्रेंच तिला ‘प्लूम’ म्हणजे पीस म्हणतात. त्यामुळे पुढचं टोक इतकं हलकं की तबकडीमागे बंदूक आपोआप फिरते. हे सुख मला दुसऱ्या कुठल्या दुनळीत मिळालं नाही.

माझी मुलगी डावखुरी आहे. रेंजवरच्या बहुतेक बंदुका तिला उलट्या पडतात. दार्नची खिट्टी बरोबर मधोमध असल्यामुळे तिला डावं-उजवं उरत नाही. घरी, काडतुसं कपाटात कुलूपबंद ठेवून, तिने रिकाम्या बंदुकीवर सराव केला. खिट्टी वर, मागे, पुढे, खाली. तिसऱ्या दिवशी डोळे मिटून करत होती. परवान्याचा अर्ज तिने मागच्या महिन्यात भरलाय, पोलीस पडताळणी व्हायची आहे. तोवर दर रविवारी पुसायचं काम तिच्याकडे.