टीएलपी: चार्जिंगच्या लिमिटसाठी टाका, बॅटरी दुप्पट चालेल म्हणून टाकू नका

लिनक्सवर बॅटरी टिकत नाही असं कोणापुढे नुसतं बोललात तरी पहिलं उत्तर ठरलेलं असतं, टीएलपी नावाचं वीज वाचवणारं सॉफ्टवेअर टाक. माझ्या थिंकपॅड लॅपटॉपवर उबंटू 24.04 हे लिनक्स टाकल्यापासून मी हेच वापरतोय आणि माझं म्हणणं असंय की सल्ला बरोबर आहे, पण त्यामागचं कारण लोक चुकीचं सांगतात. दोन-तीन तास जास्त मिळतील या आशेवर टाकणार असाल तर बहुतेक पदरी निराशाच येईल.

थॉमस कोख नावाच्या डेव्हलपरचं हे काम, फुकट आणि ओपन सोर्स. टाकलं की चार्जर लावला किंवा काढला तशा वीज वाचवायच्या सेटिंग आपोआप बदलतात, म्हणजे प्रोसेसरने किती जोर लावायचा, वायफायचं पॉवर सेव्हिंग, साऊंड कार्ड, डिस्क, यूएसबीला नुसतंच लटकलेलं काही असेल तर त्याला झोपवणं वगैरे. यातलं बरंचसं हाताने पण करता येतं पण रीबूट झालं की सगळं पुसलं जातं, आणि रोज उठून टर्मिनल उघडून हे कोण करत बसणार. आणखी एक, टीएलपी स्वतः सतत चालू राहून रॅम खात नाही, लॅपटॉप चालू होताना आणि चार्जर बदलला की जागं होतं, काम उरकतं आणि गप्प बसतं. मला असली सॉफ्टवेअर आवडतात.

पॉवरटॉप हे वीज मोजायचं टूल वापरणारे म्हणतील त्यात पण सेटिंग आपोआप लावणारं ऑटो-ट्यून आहे की. आहे, पण ते सरसकट सगळंच झोपवतं, माऊसवरून जरा हात काढला की माऊस पण झोपला, मग हलवून हलवून उठवा. टीएलपी कीबोर्ड-माऊसच्या वाटेला जात नाही. पॉवरटॉप मी वॅट बघायला ठेवलंय, त्या कामाला ते एक नंबर आहे.

आता मुद्द्याचं. आपल्यातले बरेच जण लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावूनच बसतात, त्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही म्हणून बॅटरी कायम 100 टक्के. आणि लिथियमची बॅटरी 100 वर, त्यात गरम, अशी पडून राहिली की लवकर म्हातारी होते. टीएलपीत चार्जिंगची खालची आणि वरची लिमिट देता येते, मी 75 आणि 80 ठेवलीय. ईटीसी फोल्डरमध्ये टीएलपी डॉट कॉन्फ नावाची फाईल आहे, त्यात या दोन ओळी आधीच लिहिलेल्या असतात, पुढचं हॅशचं चिन्ह काढायचं, सेव्ह करायचं आणि टर्मिनलमध्ये सुडो (म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने) लावून टीएलपी स्टार्ट. झालं. मग टीएलपी-स्टॅटला डॅश बी लावून बघा, बॅटरीची पूर्ण कुंडली येते, कंपनीने दिलेली क्षमता किती, आज उरलीय किती, किती सायकल झाल्या, दोन्ही लिमिट लागू झाल्यात का. सेकंडहँड लॅपटॉप घेताना नुसती ही एक कमांड चालवून बघितली तरी विकणाऱ्याचं खरंखोटं कळतं.

एका गोष्टीने नवीन माणूस घाबरतो. बॅटरी 77 वर असताना चार्जर लावला तर चार्जिंग सुरूच होत नाही, वर नॉट चार्जिंग असं दिसतं. चार्जर बिघडलेला नाहीये, 75 च्या खाली गेल्याशिवाय ते सुरू होणारच नाही, तेच तर आपण सांगितलंय त्याला.

पण हे सुख सगळ्यांच्या नशिबी नाही. थिंकपॅडला दोन्ही लिमिट मिळतात, आसूसला फक्त वरची, आयडियापॅडला आकडा निवडता येत नाही, कन्झर्वेशन मोड चालू किंवा बंद एवढंच. टीएलपीत थिंकपॅडच्या बाहेरच्या लॅपटॉपना हे मिळायला लागलं 1.4 पासून, आणि ज्या मॉडेलचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ही सोयच देत नाही तिथे टीएलपी तरी काय करणार. तुमचा त्यातला असेल तर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप चालू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, शोधा, कधीकधी तिथे लिमिटचा ऑप्शन असतो.

वीज किती वाचते याचं बोलायचं तर हिशोब सोपाय, 50 वॅट-अवरची बॅटरी आणि लॅपटॉप 10 वॅट खातोय तर पाच तास, तेच 8 वर आणलं तर सव्वासहा. पण हे एक-दोन वॅट टीएलपीपेक्षा स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करून लवकर सुटतात, आणि ब्राइटनेसला टीएलपी हात लावत नाही. ब्राउझर व्हिडिओ ग्राफिक्सवर न चालवता प्रोसेसरवर चालवत असेल तर कुठलीही सेटिंग तुम्हाला वाचवू शकत नाही. आणि नवीन इंटेलवर गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग, पॉवरसेव्ह दिसला म्हणून प्रोसेसर मंद झाला असं समजू नका, इंटेल पी-स्टेट ड्रायव्हरमध्ये तो काम वाढलं की वेग वाढवतोच, जुन्या पॉवरसेव्हसारखा तळाला चिकटून बसत नाही. मी बॅटरीवर टर्बो बूस्ट, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, तेवढा बंद ठेवलाय, फॅनचा आवाज गेला, मांडी भाजायची थांबली. मोठा प्रोजेक्ट बिल्ड करताना फरक जाणवतो पण ते काम मी चार्जर लावूनच करतो.

तक्रारी आहेतच. पहिली, उबंटूचा डेस्कटॉप असतो त्या गनोमच्या मेनूत पॉवर मोड निवडायचं बटण असतं ते गायब होतं, कारण ते चालवणारं पॉवर-प्रोफाइल्स-डीमन हे मागे चालणारं सॉफ्टवेअर आणि टीएलपी एका घरात नांदत नाहीत, दोघं एकाच सेटिंगवर हात मारतात, म्हणून एकालाच ठेवायचं. 1.9 मध्ये टीएलपी-पीडी म्हणून भाग आलाय, त्याने ते बटण परत मिळतं, पण माझ्या उबंटू 24.04 मध्ये जुनंच व्हर्जन बसलंय. दुसरी, साऊंड कार्ड झोपलं की काही लॅपटॉपच्या स्पीकरमधून टक् असा आवाज येतो, रात्री हेडफोन लावून बसलात की कानात वाजतो. ती सेटिंग शून्य केली की गेला, पण हे आधी कळायला तर पाहिजे. तिसरी, खिडकीवालं काही सोबत येत नाही, सगळं त्या लांबलचक फाईलमध्ये. टीएलपीयूआय नावाचं खिडकीवालं ॲप वेगळं मिळतं, दिसायला बरंय, पण खरं सांगू का, फाईलमध्ये प्रत्येक सेटिंगच्या वर इतकं नीट समजावून लिहिलंय की मला त्याची गरज पडली नाही. डॉक्युमेंटेशनला पैकीच्या पैकी.

झाकण बंद करून ठेवला आणि सकाळी बॅटरी अर्धी, हा त्रास असेल तर त्याचं खापर टीएलपीवर फोडू नका, ते स्लीपच्या प्रकारावर असतं. नवीन लॅपटॉप एस-टू-आयडलमध्ये झोपतात, म्हणजे डोळे मिटून जागेच. काही थिंकपॅडच्या बायोसमध्ये स्लीप स्टेट लिनक्सवर ठेवायचा ऑप्शन आहे, असेल तर तो आधी बघा. टीएलपीतून पण स्लीपचा प्रकार बदलता येतो पण सिस्टीम अस्थिर होऊ शकते, डेटा जाऊ शकतो असा इशारा त्यांनीच दिलाय, मी तरी त्या वाटेला गेलेलो नाही.

ज्याचा लॅपटॉप बहुतेक वेळ बॅटरीवरच असतो आणि ज्याला गनोमचं ते बटण रोज लागतं त्याने आहे तेच चालू ठेवावं, खूप काही गमावत नाही तो. टाकलंत तर मात्र गावी जायच्या आदल्या रात्री चार्जर लावून सुडो टीएलपी फुलचार्ज तेवढं मारा, नाहीतर 80 वरच निघाल. लिमिट परत लावायला टीएलपी सेटचार्ज, किंवा नुसतं रीबूट करा.