हॉल घ्यायचा की मेळ्यात स्टॉल लावायचा? नाशकात पहिलं प्रदर्शन करणाऱ्यांसाठी

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, सुरगाणा तालुक्यातली, कोकणा आदिवासी घरातली, जी.डी. आर्ट हा चित्रकलेचा डिप्लोमा करून दोन वर्षं झाली आणि आता तिच्याकडे वीसेक चित्रं तयार आहेत. परवा तिचा फोन आला, मॅडम, गंगापूर रोडला एक हॉल तीन दिवस मिळतोय आणि त्याच महिन्यात मैदानावर आदिवासी कलांचा मेळा आहे तिथं स्टॉलपण देतायत, दोन्ही झेपणार नाही, कुठलं करू? मी तासभर बडबडले आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हा प्रश्न मला वर्षातून तीन-चार जण तरी विचारतात, कोणी पाड्यावरचं, कोणी नाशिकरोडच्या वस्तीतलं, एक व्हीलचेअरवरचा मुलगा, पन्नाशीनंतर ब्रश हातात घेतलेल्या दोन मैत्रिणी. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आधी तिची चित्रं कशी आहेत ते सांगते कारण अर्धा निर्णय तिथंच होतो. सुरगाणा-पेठकडून दरवर्षी माणसं दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांत कामाला येतात, पिकअपमध्ये उभं राहून, पोरंबाळं सोबत घेऊन, ती तेच काढते. वाघदेवाच्या लाकडी खांबावर चंद्र, सूर्य, वाघ, नाग कोरलेले असतात ना, तशीच सगळी मांडणी, वर चंद्र-सूर्य, खाली नाग, आणि वाघाच्या जागी पिकअप. ॲक्रिलिक रंग, कॅनव्हास, बरीचशी तीन फुटी आणि एक तर चांगलं सहा फुटी. गेरू नाही, पांढऱ्या रेघा नाहीत, तारपा वाजवणारा माणूस नाही.

हे मेळ्यात टांगलं की काय होतं ते मला पाठ आहे. लोक येतात, बघतात आणि विचारतात, "वारली नाहीये का?" आपल्या जिल्ह्यात कोकणा आहेत, महादेव कोळी आहेत, ठाकर, भिल्ल, कातकरी आहेत, पण आपल्याला आदिवासी चित्र म्हटलं की त्रिकोणावर त्रिकोण ठेवलेली माणसंच हवी असतात. बरं वारलीचं तरी कुठं धड माहितीये आपल्याला, लग्नाचा चौक लिहायच्या त्या सवाशिणी, तांदळाच्या पिठाने, मधे पालघट देवी, बायकांचं काम होतं ते, मग १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी वारली पाड्यांवर कागद आणि रंग नेले, जिव्या सोमा मशे पुढे आले, २०११ ला पद्मश्री झाले, मोठाच माणूस, त्याबद्दल काही म्हणणंच नाही. पण त्या काळी चौक लिहिणाऱ्या बायकांपैकी एकीचं नाव सांग म्हणालात तर मी ड्रॉइंगची बाई असून मला सांगता येणार नाही. मला मेळा आणि हॉलमधला खरा फरक इथं दिसतो. मेळ्यात स्टॉलवर बॅनर असतो तो योजनेचा, खाली लिहिलेलं असतं बचत गटाचं नाव, गाव, तालुका, आणि चित्र कोणाचं ते कुठंच नसतं. हॉलमध्ये दाराशीच तिचं नाव लागतं, आडनावासकट.

पण नावाने पोट भरत नाही, म्हणून पैशाचंही बघू.

मेळे सरकारी असले की स्टॉल बऱ्याचदा फुकट, टेबल देतात, ट्यूबलाइट देतात, कधी जाण्यायेण्याचा खर्चसुद्धा देतात. आदिवासी विकास आयुक्तालय आणि शबरी महामंडळ दोन्ही नाशकातच आहेत, त्यामुळे अशा गोष्टींची माहिती इथं मिळते तरी. आणि तिथं खरंच विक्री होते. शेजारी नागलीचे पापड, पलीकडे हातसडीचा तांदूळ, माणसं पिशवी घेऊनच आलेली असतात, मीपण तिथूनच घेते. तिची मावशी बांबूच्या टोपल्या करते, ती मागच्या वेळी दुसऱ्याच दिवशी रिकामी झाली होती. पण जे खपतं ते शंभर-दोनशेचं, बुकमार्क, कप, किचेन, कापडी पिशवी. तीन फुटी कॅनव्हास घेऊन उभं राहिलं की लोक त्याच्यासमोर सेल्फी काढतात, किंमत विचारतात आणि पाचशेला देता का म्हणतात. हॉलमध्ये कोणी असं पाडून मागत नाही, कारण तिथं मुळात कोणी विकतच घेत नाही. हे मी अगदी गंमत म्हणून लिहीत नाहीये, मागे एका मुलाला मी मदत केली होती, बावीस चित्रं लावली, विकली गेली दोन, त्यातलं एक त्याच्या मामाने घेतलं.

आणि त्याचा खर्च कुठं झाला? सगळ्यांना वाटतं भाडं. भाडं नाही, फ्रेम! भाड्याच्या दुप्पट पैसे त्याने फ्रेमवाल्याला दिले, वर काच, त्यातल्या दोन काचा रिक्षातच फुटल्या. कॅनव्हासला फ्रेम लागत नाही हो, नीट ताणून बसवा, कडा रंगवून टाका, झालं. कागदावरचं काम असेल तर माउंट करा आणि काचेऐवजी ॲक्रिलिक शीट लावा, हलकं पडतं, एसटीच्या धक्क्यात टिकतं. खाजगी गॅलरीने स्वतःहून बोलावलं तर भाडं वाचतं पण विक्रीतला तिसरा हिस्सा ते थेट निम्मा त्यांचा, हे आधी लेखी घ्या आणि चित्रं किती दिवसांत परत मिळणार तेही त्यातच लिहून घ्या.

आता येतं कोण. कुसुमाग्रज स्मारक म्हणा, सार्वजनिक वाचनालय म्हणा, नाशकात प्रदर्शनाला येणारे चेहरे साधारण तेच, निवृत्त शिक्षक, चित्रकला महाविद्यालयातली पोरं, बाकीचे चित्रकार, फिरायला निघालेली जोडपी. वहीत लिहिणार "छान, पुढील वाटचालीस शुभेच्छा". यावर मी पूर्वी खूप हसायचे पण एक खरंय, ही माणसं थांबून बघतात. मेळ्यात एका चित्राला मिळतात पाच सेकंद, त्यातही लहान मुलगा आइस्क्रीमसाठी हात ओढत असतो. फक्त आपल्या गावची नजर निसर्गचित्राला सरावलेली आहे, शिवाजी तुपे सरांनी जलरंगाची काय सवय लावून ठेवलीये ती सुटता सुटत नाही, गोदाघाट, वाडे, ओले रस्ते. त्याच भिंतीवर पिकअपमध्ये कोंबलेल्या बायका लागल्या तर बरंच होईल असं मला वाटतं. गंगापूर रोडला राहणाऱ्या कितीतरी जणांच्या बागा दिंडोरीला आहेत. त्यांच्यातलं कोणीतरी फिरत फिरत आत येईल, चित्रात आपल्याच बागेचा मांडव ओळखेल, आणि मग काय बोलेल ते ऐकायला मला त्या हॉलमध्ये खुर्ची टाकून बसायचंय.

पण सगळ्यांना मी हॉलच सांगेन असं नाही हं. नाशिकरोडचा पोरगा लिनोकट करतो, म्हणजे लिनोलियमवर कोरून त्याचे छाप काढतो, काळाराम मंदिराच्या सत्याग्रहावर त्याची मालिका आहे, १९३० च्या. त्याला मी उलटं सांगितलं, हॉलच्या भानगडीत पडू नको, चवदा एप्रिलला आणि तेरा ऑक्टोबरला येवल्याला मुक्तिभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलशेजारी बस. तिथं येणाऱ्याला बाबासाहेबांची १९३५ ची धर्मांतराची घोषणा काय होती ते समजावून सांगावं लागत नाही, त्याला चित्र बघताक्षणी कळतं. शिवाय लिनो म्हणजे एका ठशाच्या पन्नास प्रती, दोनशेला एक दिली तरी परवडतं, घरोघरी भिंतीवर जातं, आणि प्रत्येक प्रतीवर खाली पेन्सिलने नाव नि नंबर असतोच, म्हणजे नावाचा प्रश्न तिथं सुटला. कॅनव्हास एकच असतो, तो दोनशेला दिला की गेला. त्यामुळे छापाचित्रवाल्यांनी गर्दीत जावं.

व्हीलचेअरवाल्या मुलाची गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे. ग्रुप शोमध्ये त्याची चार चित्रं घेतली, पत्रिकेत फोटो छापला, आणि हॉल निघाला पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. दोघांनी उचलून वर नेलं त्याला, सगळे टाळ्या वाजवत होते आणि तो मान खाली घालून बसला होता. तेव्हापासून मी कोणालाही पहिला प्रश्न विचारते की पायऱ्या किती, रॅम्प आहे का, बाथरूमचं दार किती रुंद. मैदानावरचा मेळा इथं जिंकेल असं वाटतं पण तिथं खडी असते आणि पाऊस पडून गेला असेल तर चाक रुततं. त्याच्यासाठी मला कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन बरं वाटतं, दिव्यांग कलाकारांचा वेगळा विभाग असतो, प्रवेशिका भरायची, निवड झाली तर काम लागतं, हॉल शोधत फिरायला नको. वेगळा विभाग असावा का हा वेगळा वाद, त्याला स्वतःला तो आवडत नाही.

मैत्रिणींना मात्र हॉलच. गुढीपाडव्याच्या सुमाराला गोदाघाटावर महारांगोळी निघते, शेकडो बायका उन्हात वाकून काढतात, पेपरात ड्रोनचा फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं "महिलांनी साकारली". दोघीही त्यात दरवर्षी असतात. आता एकदा तरी स्वतःच्या नावाने भिंत घ्या म्हटलं, भाडं निम्मं निम्मं करा.

आणि मुंबई? प्रत्येकाच्या मनात जहांगीर आर्ट गॅलरी असतेच, १९५२ पासूनचं ते मोठं नाव, पण तारीख मिळायला वर्षं जातात, तेवढ्यात माणूस चित्रं काढायचं सोडून देतो. काळा घोडा फेस्टिवल १९९९ पासून चालू आहे, पंचवटी एक्सप्रेसने सकाळी जाऊन बघून या, रस्त्यावर लोक काय काय करतात ते शिकण्यासारखं आहे, जहांगीरच्या बाहेर फुटपाथवर चित्र लावून बसणाऱ्यांशी दोन तास गप्पा मारा. पहिलंच प्रदर्शन मुंबईत करण्याच्या मी विरोधात आहे, राहण्याचा खर्चच सगळं खाऊन टाकतो.

तर तिला मी काय सांगितलं. हॉल घे, तीन नको, दोनच दिवस, शनिवार-रविवार, सोमवारी तसंही कोणी येत नाही. मेळ्याचा स्टॉल सोडू नको, तो मावशीला दे, आणि मावशीच्या टेबलवर तुझ्या चित्राचं एक पोस्टकार्ड ठेव, मागे नाव आणि हॉलचा पत्ता. प्रत्येक चित्राखाली दोन ओळी मराठीत लिही, इंग्रजीत "स्टेटमेंट" वगैरे नको. आणि उद्घाटन सकाळी अकराला ठेव. सगळे संध्याकाळी साडेपाचला ठेवतात कारण पाहुण्यांना तेव्हा जमतं, पण तेवढ्यात सुरगाण्याला परत जाणाऱ्यांची एसटीची घाई सुरू होते, म्हणजे ज्यांची चित्रं काढलीस त्याच बायका तुझं प्रदर्शन न बघता पेठ नाक्यावर उभ्या राहणार. पाहुणे आले नाहीत तर मी येईन, आणि दिवा तुझी आई लावेल.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, मॅडम, बाकी सगळं एसटीत बसेल, पण सहा फुटी कॅनव्हास बसत नाही, त्याला पिकअपच सांगावी लागेल.