भावासाठी घेतलेली आधारसेवा: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनचं बौद्धिक अपंगत्व. वय 36. आई होती तोवर त्याचं सगळं तीच बघायची, ती गेल्यावर ते माझ्याकडे आलं. निवासी संस्थेचाही विचार झाला होता. त्याला विचारलं तर "माझी खोली" एवढंच म्हणाला आणि तो विषय तिथेच संपला. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांचा 2006 चा करार आहे, त्यातलं कलम 19 मी नंतर वाचलं. कुठे आणि कुणासोबत राहायचं हे ठरवायचा हक्क त्यालाही इतरांइतकाच आहे. मग घरी येऊन मदत करणारी आणि बाहेरही घेऊन जाणारी सेवा घेतली. आठवड्यातले पाच दिवस, रोज तीन तास.

पहिला मदतनीस भलताच चटपटीत होता. वीस मिनिटांत आंघोळ, शर्ट, भांग, सगळं आटपायचा. आम्ही खूश. महिनाभराने लक्षात आलं की भाऊ सकाळी दोन्ही हात वर करून नुसता उभा राहतो, कुणीतरी शर्ट चढवेल म्हणून. आईच्या वेळी तो शर्ट स्वतः घालायचा, फक्त बटणं तेवढी आई लावायची. म्हणजे सेवा घेऊन त्याचं येत होतं तेही गेलं होतं. मला फार वाईट वाटलं, कारण झटपट आवरून होतंय याचं कौतुक मीच करत होते.

मदतनीस बदलून मागितला. दुसरा आला, त्याला भाऊ 'दादा' म्हणतो. हा माणूस थांबतो. बटणं त्याने उलट्या बाजूने शिकवली. वरची सगळी दादाने लावायची, शेवटचं अर्धं काजात सरकवून ठेवायचं आणि हात मागे घ्यायचा. भावाने तेवढं ओढून घ्यायचं, की शर्ट 'त्याने' पूर्ण केला. ते जमल्यावर शेवटची दोन, मग तीन. भाऊ जीभ दातांत धरून, अंगठ्याने बटण ढकलत बसायचा. घड्याळाकडे बघून माझाच जीव वरखाली व्हायचा, दादा मात्र हात मांडीवर ठेवून शांत. सात बटणांना अकरा आठवडे लागले. शेवटी काम पूर्ण होऊनच थांबायचं असल्यामुळे या पद्धतीत रोज यश हाताला लागतं, आणि त्याचं चित्त टिकलं ते त्यामुळेच.

बसचंही तसंच. चित्रांची कार्डं केली: थांबा, बसचा क्रमांक, उतरायची जागा. आधी दादा शेजारी बसायचा, मग दोन सीट मागे, मग पुढच्या थांब्यावर जाऊन उभा. एकदा भाऊ एक थांबा पुढे उतरला. मी दादावर जाम चिडले. त्याने ऐकून घेतलं आणि सांगितलं, "ताई, त्यानं कार्ड दाखवून एका बाईंना रस्ता विचारला. चालत आला." बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या हक्कांवर लिहिणारे अमेरिकी लेखक रॉबर्ट पर्स्के यांनी 1972 मध्ये लिहिलं होतं की धोका पत्करू देण्यातही माणसाचा सन्मान असतो. हे पटायला मला ती दुपार लागली. भीती अजूनही वाटते, पण आता मी फोन करत नाही.

आता तक्रार. पाचव्या महिन्यात दादा तीन आठवडे रजेवर गेला आणि तेवढ्यात चार वेगवेगळी माणसं आली. त्यांना कुणी काही समजावून दिलेलं नव्हतं. भाऊ अनोळखी माणसासमोर गप्प होतो. एकाने नोंद केली, "सहकार्य करत नाही." दुसऱ्याने, "आळस करतो, दिवसा झोपतो." एक डॉक्टर तर त्याच्या देखत म्हणाले, "अशांचं असंच असतं." डाउन सिंड्रोममध्ये 21 व्या गुणसूत्राची जादा प्रत असते, अल्झायमरशी संबंधित एक जनुकही त्याच गुणसूत्रावर असतं, त्यामुळे विसरभोळेपणाचा आजार या लोकांना लवकर गाठू शकतो. माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. रात्र रात्र झोप नाही.

दादा परतल्यावर त्याने रोजच्या नोंदींची वही चाळली. झोप वाढलेली, पोट साफ नाही, उन्हातही स्वेटर मागतो. "थायरॉइड बघितलं का?" म्हणाला. दुसऱ्या डॉक्टरांकडे रक्त तपासलं, तेच निघालं. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं नेहमीचं आहे, म्हणून दरवर्षी तपासायचं असतं. गोळी सुरू झाली आणि काही आठवड्यांत माणूस पुन्हा उठून बसला. प्रत्येक त्रास अपंगत्वाच्या खात्यात टाकला की खरा आजार तसाच राहतो. तेव्हापासून वही दारामागेच टांगलेली असते, नवीन येणाऱ्याने आधी ती वाचायची आणि पहिले दोन दिवस दादासोबत यायचं, हे मी लेखी मागून घेतलं.

सेवा घेणार असाल तर येणाऱ्या माणसाला एकच विचारा: "पहिल्या आठवड्यात काय करणार?" "सगळं करून देईन" म्हणाला तर सांभाळून. दादा म्हणाला होता, "आधी बघेन, त्याला काय काय येतं ते."

पुढच्या महिन्यात कराराची मुदत संपते. सकाळचा एक तास कमी करून तो शनिवारी पोहायला द्यायचा, असं भावाचं म्हणणं आहे. बैठकीला तो स्वतः बसणार आहे. पोहण्याचं कार्ड त्याने कालच शर्टाच्या खिशात घालून ठेवलंय.