परदेशी जाताना प्राप्तिकराचा परतावा: विश्रामबागेतील करसल्लागारांचा अनुभव

ऑगस्ट 2023 मध्ये नोकरीसाठी जर्मनीला जाताना, जुन्या कंपनीने पूर्ण वर्षाचा पगार गृहीत धरून जास्तीचा कापलेला कर परत मिळवण्याचे काम मी सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका करसल्लागार बाईंकडे सोपवले. त्यांनी आधी माझे भारतातील दिवस मोजले. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाचे त्या आर्थिक वर्षातील वास्तव्य 182 दिवसांपेक्षा कमी असेल तर तो अनिवासी ठरतो आणि त्याला आयटीआर-1 (निवासी व्यक्तींसाठीचा विवरणपत्राचा सोपा फॉर्म) चालत नाही, हे त्यांनी शांतपणे समजावले. आधीच्या एजंटाने नेमका तोच फॉर्म भरायला घेतला होता, याचे मला आजही वाईट वाटते.

निघण्यापूर्वीच त्यांनी बचत खाते एनआरओ (अनिवासींचे भारतातील उत्पन्न जमा होणारे खाते) करण्याचा अर्ज द्यायला लावला, कारण परतावा प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर प्रमाणित केलेल्या खात्यातच जमा होतो. विवरणपत्र भरल्यावर त्याची ई-पडताळणी 30 दिवसांत करावी लागते आणि आधारचा ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर येतो, म्हणून जुने सिम चालू ठेवण्याचीही त्यांनी आठवण दिली. ही सूचना मला सर्वांत मोलाची वाटली.

फोन मात्र संध्याकाळीच उचलला जातो. शुल्क आधीच सांगितले होते, तेवढेच घेतले.