दहावीनंतर कृषी पदविका की बारावीनंतर बी.एस्सी. कृषी?

घरची शेती असलेल्या मुलांचे पालक हा प्रश्न हमखास विचारतात. दोन्ही वाटा आपल्या कृषी विद्यापीठांच्याच आहेत: राहुरी, अकोला, परभणी, दापोली.

पदविकेला दहावीनंतर थेट प्रवेश मिळतो. कृषी तंत्र विद्यालयात दोन वर्षं, तीही मराठीतून. माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यायचा, कलम कसं बांधायचं, फवारणीचं द्रावण किती पाण्यात करायचं, हे सोळाव्या-सतराव्या वर्षीच हाताला बसतं. कृषी सेवकाच्या भरतीलाही ही पदविका चालते.

पदवीसाठी बारावी विज्ञान, मग सीईटी आणि पुढे चार वर्षं. अभ्यास इंग्रजीतून. आनुवंशिकी, कीटकशास्त्र, मृदाशास्त्र, कृषी अर्थशास्त्र असा पसारा मोठा. शेवटच्या वर्षातला ग्रामीण कृषी कार्यानुभव मला फार मोलाचा वाटतो. विद्यार्थी गावात जाऊन शेतकऱ्यांबरोबर काम करतो आणि पुस्तकातली शिफारस कोरडवाहू रानात कुठे अडते, ते त्याला स्वतः दिसतं. एमपीएससीची कृषी सेवा, बँकेतलं कृषी अधिकारीपद, एम.एस्सी. यांना पदवीच लागते.

शिक्षण संपवून स्वतःच्याच रानात उतरायचं नक्की असेल, तर मी पदविकाच सुचवेन. दोन वर्षांत मुलगा किंवा मुलगी घरी परतते, शिकलेलं ताजं असतानाच पुढचा हंगाम हाती येतो. अधिकारी किंवा संशोधक व्हायचं मनात असेल, तर मात्र दहावीनंतर विज्ञान शाखा सोडू नका.