सासूबाईंचे चार आजार आणि आमचं आरोग्य केंद्र

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या सरकारी आरोग्य केंद्राबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. सासूबाई ७१ वर्षांच्या. साखर, प्रेशर, थायरॉईड आणि गुडघे. चार डॉक्टर, चार फायली. जो तो आपापलं बघायचा. पायांना सूज आली तेव्हा नेमकं कोणाकडे जायचं तेच कळेना.

केंद्रातल्या नर्सबाई म्हणाल्या, "आजी, घरात असतील नसतील तेवढी औषधं पिशवीत घालून आणा." नेली. डॉक्टरबाईंनी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि एकेक पाकीट उलटून मागचं बारीक नाव वाचलं. दोन वेगळ्या रंगांची पाकिटं, दोन्हींत ॲम्लोडिपिनच. दोन ठिकाणांहून लिहून दिलेली प्रेशरची तीच गोळी सासूबाई दुप्पट घेत होत्या. तिनेच पाय सुजू शकतात, आणि ती सूज उतरावी म्हणून तिसऱ्याने लघवीची गोळी लावलेली! गुडघ्यांसाठी रोज घेतली जाणारी दुखण्याची गोळीही प्रेशर वाढवते, किडनीला जड जाते. तीही बंद केली, किडनी नीट चालतेय का हे कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घेतलं. नऊ गोळ्यांच्या पाच झाल्या. तीन आठवड्यांत सासूबाईंचे पाय पुन्हा चपलेत मावायला लागले. पेज सोडायला लावली नाही, पेजेबरोबरचं सुकं मासं आणि लोणचं तेवढं कमी करायला सांगितलं.

मला वाटायचं, हे सगळं आमच्याच घरी. पण रांगेत शेजारी बसलेल्या बाईंना साखर आणि दमा, त्यांच्या पलीकडच्या पन्नाशीतल्या गृहस्थांना साखर, प्रेशर आणि हृदयाचं दुखणं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सर्वाधिक. ओडिशात प्राथमिक उपचारासाठी आलेल्या रुग्णांच्या पाहणीत चौघांतल्या एकाहून जास्त जणांना दोन किंवा अधिक जुनाट आजार होते. असा माणूस आधी गावच्या केंद्रातच येतो. त्याची सगळी औषधं एकत्र बघणारं कोणीतरी तिथे हवंच.

तक्रारीही आहेत. साडेसातला नंबर लावला तरी अकरा वाजतात. थायरॉईडची गोळी दोनदा बाहेरून विकत घ्यावी लागली. डॉक्टरबाईंची बदली होईल ही धास्ती तर कायमचीच.

जाणार असाल तर जुने कागद आणि औषधं, दोन्ही न्या. रिकाम्या पोटी रक्त द्यायचं असेल तर डबाही न्या. आसपास खायला काही मिळत नाही, आणि साखरेच्या माणसाला अकरापर्यंत उपाशी ठेवणं बरं नव्हे.