घटस्फोटानंतर पुन्हा त्याच माणसासोबत: लग्न करावं की नुसतं एकत्र राहावं?

किनाऱ्यावरच्या गावात घटस्फोट झाला तरी माणसं एकमेकांच्या नजरेआड होत नाहीत. हर्णैला संध्याकाळी होड्या लागल्या की लिलाव सुरू होतो. तो खलाशांबरोबर टोपल्या उतरवत असतो आणि ती चार पावलांवर उभी राहून सुरमईवर बोली लावत असते. माल तिला सुटला तर पैशांच्या हिशोबापुरतं तरी दोघांना बोलावंच लागतं. शिमग्याची पालखी दोघांच्याही दारात येते, मुलाच्या शाळेतून दोघांनाही बोलावणं येतं. अशी काही वर्षं गेली की राग निवतो, आणि ज्याच्याशी काडीमोड घेतला त्याच माणसाकडे जीव पुन्हा ओढ घेतो. हे प्रेम खरं असतं. पहिल्यापेक्षा जास्त डोळस असतं असंही मी म्हणेन, कारण या वेळी दोघांनाही एकमेकांचं वाईटातलं वाईट आधीच ठाऊक असतं.

मग प्रश्न येतो, पुन्हा लग्न करायचं की लग्नाविना एका घरात राहायचं? दोन्ही रस्ते कायद्याला मान्य आहेत. पण किनाऱ्यावरच्या संसारात या दोहोंतला फरक शहरापेक्षा फार मोठा पडतो.

आधी एक खात्री करून घ्या. तुमचा घटस्फोट खरंच झाला आहे का? परस्पर संमतीचा अर्ज नुसता दाखल केलेला असेल आणि हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा घटस्फोटाचा आदेश, व्हायचा असेल, तर दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. लग्न शाबूतच राहतं. न्यायिक विभक्तता, म्हणजे लग्न न मोडता वेगळं राहण्याचा न्यायालयाचा आदेश, मिळाली असेल तर ती रद्द करून घेण्याची सोय हिंदू विवाह कायद्याच्या कलम १० मध्ये आहे. अशा जोडप्यांनी हा लेख इथेच सोडून वकिलाकडे जावं. बाकीच्यांसाठी मात्र हुकूमनामा ‘फाडून’ टाकता येत नाही. तुम्ही दोघं कायद्यानं परके आहात, आणि नवरा-बायको व्हायचं तर लग्न नव्यानंच करावं लागतं. त्याच माणसाशी पुन्हा लग्न करायला हिंदू कायद्यात कसलीही आडकाठी नाही. कलम १५ प्रमाणे अपिलाची मुदत संपलेली असली की झालं.

आता लग्नाविना राहण्याची बाजू. तिचा सगळ्यात मोठा गुण हा, की ती दोघांना वेळ देते. मोडलेल्या संसाराचं कारण नाहीसं झालंय की नुसतं विसरलंय, हे भेटीगाठींत कळत नाही. त्यासाठी मी किनाऱ्यावरच्या जोडप्यांना एकच काळ सांगते: १ जून ते ३१ जुलै, मासेमारीबंदीचा. एरवी तो चार-चार दिवस समुद्रावर असतो, आला की झोपतो, पुन्हा जातो. तेवढ्यात कुणाचंही कुणाशी जमतं. बंदीत होडी वर ओढलेली असते, तो दिवसभर पडवीत जाळी विणत बसतो आणि हातात नवा पैसा येत नाही. घर तिच्या सुक्या मासळीवर आणि साठवलेल्या पैशांवर चालतं. पहिल्या संसारात दारू असेल, सासूचा जाच असेल, पैशांची लपवाछपवी असेल, तर ती याच दोन महिन्यांत डोकं वर काढते. हे दोन महिने गोडीत गेले तर तुमच्या मनाचं उत्तर तुम्हाला मिळालं असं समजा.

चाकरमान्यांची गोष्ट वेगळी. तो मुंबईला आणि ती गावी, यातूनच ज्यांचा संसार तुटला, त्यांनी गणपतीच्या आठवड्याला परीक्षा समजू नये. सणात सगळेच चांगले वागतात. तो गावी परत येणार की ती मुंबईला जाणार, हे ठरल्याशिवाय दोन्ही पर्याय सारखेच कच्चे आहेत.

लोक काय म्हणतील? गाव बोलतं हे खरं, पण माझ्या मते जुन्या नवऱ्याबरोबर पुन्हा राहणाऱ्या बाईला गाव फार लवकर सामावून घेतं. त्यासाठी लग्नाची घाई करायची गरज नाही.

घाई करायची ती दुसऱ्या कारणासाठी, आणि ते कारण समुद्र आहे. समजा होडी वादळात सापडली आणि माणूस परत आलाच नाही. घटस्फोट झालेली बाई हिंदू वारसा कायद्यानं विधवा ठरत नाही. मुलं, आई आणि विधवा हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. त्यांत मुलांचा हक्क घटस्फोटानं जात नाही, तिचा मात्र जातो. पुन्हा सहा वर्षं एका चुलीवर जेवलेली असली तरी होडीत, घरात, सातबाऱ्यावरच्या त्याच्या हिश्श्यात तिला आपसूक काहीच मिळत नाही. दीर्घकाळ एकत्र राहिल्यास लग्न झालं असावं असं न्यायालय गृहीत धरतं खरं, पण समोरचा दीर घटस्फोटाचा हुकूमनामा घेऊन उभा राहिला की ते टिकवणं किती अवघड जाईल याचा विचार करा. मृतदेह सापडला नाही तर आणखीच कठीण: कायदा माणसाला मृत धरायला साधारण ७ वर्षं थांबतो, आणि तोवर प्रत्येक टेबलावर ‘तुम्ही त्यांच्या कोण?’ हा प्रश्न येतो.

मृत्युपत्र करून यातलं बरंच साधता येतं. लग्न करायचंच नसेल तर किमान तेवढं करा, आणि प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या अपघात विम्यावरचं नाव तपासा. त्यात मृत्यूसाठी ५ लाख रुपये असतात आणि वारस म्हणून अनेकदा जुनंच नाव पडून असतं. सोसायटीचा शेअर, बँकेचं खातं, भविष्य निर्वाह निधी यांवरची नावंही बघा. मात्र सामायिक सातबाऱ्यावर, जिथे चुलते-पुतणे सगळे बसलेत, तिथे मृत्युपत्र घेऊन एकटी बाई उभी राहणं आणि लग्नाचा दाखला घेऊन विधवा उभी राहणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पोटगीच्या बाबतीत पारडं थोडं दुसरीकडे झुकतं. घटस्फोटित स्त्रीचा पोटगीचा हक्क तिनं पुन्हा लग्न करेपर्यंत असतो. त्याच माणसाशी लग्न केलं तर तो जुना आदेश कामाचा राहत नाही. बायको म्हणून नवा हक्क मिळतो, पण तो पुन्हा मागावा लागतो. लग्नाविना राहताना आदेश कागदावर उभा असतो. तो चालू ठेवायचा की बदलून घ्यायचा हे न्यायालयात जाऊन ठरवा, नाहीतर पुढे भांडण झालं की थकबाकीचा दावा येतो. मुलांच्या ताब्याच्या आदेशाचंही तसंच.

मारहाणीपासूनचं संरक्षण दोन्हीकडे आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा लग्नासारख्या नात्यालाही लागू होतो.

आणि पुन्हा नाही जमलं तर? याचा विचार प्रेमात कुणी करत नाही, पण करायला हवा. लग्न केलंत की घड्याळ शून्यापासून सुरू होतं. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर लग्नानंतर १ वर्ष घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही, आणि परस्पर संमतीसाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. लग्नाविना असाल तर दार उघडून बाहेर पडता येतं. ज्या बाईला पहिल्या वेळी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, तिला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

धर्म आणि प्रांत बदलला की हिशोब बदलतो. वसईतल्या कॅथलिक जोडप्याचा दिवाणी घटस्फोट झाला असेल, पण चर्चनं लग्न रद्दबातल ठरवलं नसेल, तर चर्चच्या दृष्टीनं ते दोघं आजही नवरा-बायकोच आहेत. फादरांची हरकत नसते, सरकारी कागदासाठी मात्र लग्न नव्यानं करावं लागतं. कोकणी मुसलमानांत नव्यानं निकाह आणि नवा मेहर लागतो. तलाक कोणत्या प्रकारे आणि कितव्यांदा झाला यावर पुढचं अवलंबून असल्यामुळे जाणकाराला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. गोव्यात तर आधी वकील, मग मुहूर्त. तिथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरली जाते. घटस्फोटानंतरच्या वर्षांत तिनं स्वतःच्या हिमतीवर खोल्या बांधून पर्यटकांना देण्याचा धंदा उभा केला असेल, तर त्यात त्याचा अर्धा वाटा होऊ शकतो. महाराष्ट्रात तसं नाही, इथे जे तिच्या नावावर ते तिचंच राहतं.

माझं मत विचाराल तर, ज्यांची रोजीरोटी होडीवर आहे, जमीन सामायिक आहे आणि मुलं लहान आहेत, त्यांनी बंदीचे दोन महिने एकत्र काढावेत आणि मन बसलं तर नारळी पौर्णिमेनंतर होडी समुद्रात उतरण्याआधी लग्न नोंदवून टाकावं. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणू नये. ज्यांची मुलं मोठी आहेत, दोघांचं आपापलं उत्पन्न आणि आपापलं घर आहे, त्यांनी लग्नाविना राहावं, हवं तर एकाच वाडीत दोन घरांतही राहावं. फक्त मृत्युपत्र दोघांनीही करावं. आणि जिथे पहिल्या वेळी हात उगारला गेला होता, तिथे निदान दोन पावसाळे तरी लग्नाचा विषय काढू नये, मग तो कितीही विनवण्या करो.

लग्न करायचं ठरलंच तर घरचे विधी करून ग्रामपंचायतीत नोंदणी करता येते. ९० दिवसांच्या आत केली तर विलंब शुल्क लागत नाही. विशेष विवाह कायद्यानं करायचं तर ३० दिवसांची नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते, म्हणजे ज्यांना आधी बभ्रा नको त्यांनी पहिला मार्ग धरावा. दोन्हीकडे तीन साक्षीदार लागतात. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कलही मागतात, आणि ती कोर्टातून मिळायला वेळ जातो. तेव्हा नकलेचा अर्ज आधी टाका, तारीख नंतर काढा.